ख्रिस्तचरित्राने उघडलेला पडदा

राम-कृष्णांना पडद्यावर आणणाऱ्या दादासाहेब फाळके यांना ती वाट दाखवली येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एका परदेशी मूकपटाने. श्रद्धा आणि यंत्र यांची सांगड घालणाऱ्या या कलावंताच्या आयुष्याचा मागोवा.

भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत एक वाक्य हमखास आढळते. मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहून दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’ची प्रेरणा मिळाली, एवढेच ते वाक्य. पाठ्यपुस्तकांपासून पुरस्कार सोहळ्यांतील भाषणांपर्यंत ते सर्वत्र येते आणि कथा लगेच पुढे सरकते. वास्तविक या वाक्यापाशी थोडे थांबायला हवे. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्री घराण्यातला एक गृहस्थ ख्रिस्ताची कथा पाहून भारावतो आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहतात. परक्या श्रद्धेच्या उजेडात स्वतःचे देव पाहण्याचा हा अनुभव फाळके यांच्या साऱ्या आयुष्याला वळण देऊन गेला. त्याची किंमतही त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबाने पुरेपूर मोजली.

त्र्यंबकेश्वर ते लोणावळा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. घरात पूजापाठ, पुराणे आणि संस्कृत काव्य यांचे वातावरण होते. पुढे दाजीशास्त्रींना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या कार्यातून उभी राहिलेली ही संस्था. ख्रिस्ती मिशनच्या महाविद्यालयात एका शास्त्रीबुवांनी संस्कृत शिकवावे, यात त्या काळच्या मुंबईला नवल वाटत नसे. धुंडिराजाच्या लहानपणी दोन धर्मांचे जग असे घराच्या उंबरठ्यावरच एकमेकांना भेटत होते.

मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे होता. १८८५ मध्ये त्याने सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथील शिक्षणानंतर तो थोरल्या बंधूंबरोबर बडोद्यास गेला आणि सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने चालणाऱ्या कलाभवनात दाखल झाला. तैलचित्रे, जलरंग, शिल्प, वास्तुरचना, छायाचित्रण, ठसे तयार करण्याचे तंत्र असे मिळेल ते तो शिकत गेला. १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्याला सुवर्णपदक मिळाले.

छायाचित्रकाराचा व्यवसाय करावा म्हणून फाळके गोध्र्यास गेले. तेथेच आयुष्याने पहिला मोठा घाव घातला. १९०० च्या सुमारास पसरलेल्या प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही दगावले. उद्‌ध्वस्त मनाने ते बडोद्यास परतले. तेथे पुन्हा छायाचित्रांचे दुकान थाटले, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो, अशी समजूत लोकांत पसरलेली. गिऱ्हाईक फिरकेना. याच काळात ते जादूचे प्रयोग शिकले. पुढे आपल्या आडनावातली अक्षरे उलटसुलट करून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले आणि त्या नावाने ते प्रयोगही करीत. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना काय दिसते आणि प्रत्यक्षात काय घडते, यातले अंतर त्यांना या विद्येने शिकवले. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे चमत्कार पडद्यावर घडवले, त्यांचे मूळ या हातचलाखीत आहे.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या करंदीकर घराण्यातील गिरिजा लग्नानंतर सरस्वतीबाई झाल्या. १९०३ मध्ये फाळके यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली. स्वदेशीच्या चळवळीचे वारे वाहू लागल्यावर, १९०६ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्यास छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या नावाने चालणाऱ्या छापखान्यासाठीही त्यांनी शिळाछपाईचे काम केले. रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी त्या वेळी घरोघरी भिंतीवर लागत होत्या. देवाची प्रतिमा देवळाच्या गाभाऱ्यातून निघून सामान्य माणसाच्या माजघरात कशी पोहोचते, हे फाळके यांनी शाईने माखलेल्या हातांनी अनुभवले. कारखाना पुढे दादरला हलला. रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीसही जाऊन आले. मात्र भागीदारांशी मतभेद झाले आणि १९११ मध्ये त्यांनी भरभराटीला आलेला तो धंदा सोडून दिला. वय एक्केचाळीस, पदरी मुले, आणि उत्पन्नाचे साधन नाही, अशी अवस्था होती.

गिरगावातला खेळ

मुंबईला हलत्या चित्रांची ओळख ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झालेल्या ल्युमिए बंधूंच्या खेळाने झाली होती. त्याआधीच, १८९२ पासून, कल्याणचे महादेव पटवर्धन आणि त्यांचे पुत्र ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ करून रामायणातल्या कथा पडद्यावर दाखवीत होते. पडद्यावरचा देव मराठी प्रेक्षकाला अगदीच अनोळखी नव्हता. तो चालत-बोलत मात्र नव्हता.

गिरगावातील ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’ या चित्रपटगृहात फाळके यांनी ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहिला. तो १९१० चा नाताळ होता की १९११ चा ईस्टर, याविषयी नोंदींमध्ये फरक आहे. एक गोष्ट मात्र निश्चित, की ते एकदा पाहून थांबले नाहीत. पुन्हा गेले, पत्नीलाही घेऊन गेले. पुढे १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलेल्या आत्मपर लेखांत त्यांनी या अनुभवाचे सविस्तर वर्णन केले आहे. ख्रिस्ताचे चरित्र डोळ्यांसमोरून सरकत असताना आपल्या मनःचक्षूंपुढे कृष्ण, रामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, अशा आशयाचे त्यांचे कथन आहे. आपल्या देवांना आपल्याच माणसांनी पडद्यावर आणलेले आपण कधी पाहणार, हा प्रश्न त्यांना तेथून छळू लागला.

ख्रिस्तचरित्रावरील दोन मोठे मूकपट त्या काळी फ्रान्समध्ये तयार झाले होते. एक पाथे कंपनीचा, तर दुसरा गोमाँ कंपनीसाठी ॲलिस गी या दिग्दर्शिकेने १९०६ मध्ये केलेला. फाळके यांनी पाहिला तो ॲलिस गी यांचा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतची कथा पंचवीस दृश्यांत मांडणाऱ्या त्या चित्रपटाची दृश्यरचना जेम्स तिसो या चित्रकाराच्या बायबलवरील चित्रांवर बेतलेली होती. घरोघरी पोहोचलेल्या धर्मचित्रांना तिथे गती मिळाली होती. रविवर्म्याच्या चित्रांचे छपाईकाम केलेल्या माणसाला याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नव्हती.

चमत्कारांचेही तसेच होते. देवदूत क्षणार्धात प्रकटतो, मृत कन्या उठून बसते, थडगे रिकामे होते. चित्रपटगृहातला भाविक प्रेक्षक हे पाहून हात जोडत असेल. फाळके यांच्यातल्या जादूगाराला मात्र त्यामागची युक्ती खुणावत होती. एकाच फितीवर दोनदा चित्रण केले तर माणूस हवेत विरतो. कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला तर रिकाम्या जागी देवता उभी राहते. विशेष म्हणजे युक्ती कळली म्हणून त्यांचे भारावणे कमी झाले नाही. यंत्राची करामत आणि मनातली भक्ती या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

दृष्टी गेली, दृष्टी आली

त्यानंतरचे महिने वेडाचे होते. मिळेल तो चित्रपट पाहायचा, घरी येऊन खेळण्यातल्या कॅमेऱ्यावर आणि फितींच्या तुकड्यांवर प्रयोग करायचे, झोप जेमतेम तीन तासांची. या अतिश्रमाने डोळ्यांवर परिणाम झाला आणि त्यांना दिसेनासे झाले. चित्रपट काढण्याचा ध्यास घेतलेला माणूस अंधारात बसून राहिला. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परत आली. ख्रिस्ताचे चमत्कार पडद्यावर पाहणाऱ्याला प्रत्यक्षात डोळे मिळाले ते वैद्यकाच्या हातून आणि घरच्यांच्या शुश्रूषेने.

चित्रपटाचे तंत्र शिकायचे तर इंग्लंडला जाणे भाग होते. फाळके यांनी बारा हजार रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवल्या, स्नेही यशवंतराव नाडकर्णी यांच्या मदतीने दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनचा रस्ता धरला. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना या फंदात न पडण्याचा सल्ला दिला. पण पाहुण्याची तळमळ पाहून वॉल्टन येथील चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ त्यांना मोकळेपणाने दाखवला. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन आणि कच्ची फिल्म व फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिलला परतले.

आता भांडवल हवे होते. विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ ही मिनिटभराची चित्रफीत तयार केली. दाण्याला कोंब फुटतो, वेल वर चढतो, हे पाहून मंडळी थक्क झाली आणि कर्ज देण्यास पुढे आली. निसर्गात रोज घडणारी आणि कुणाच्याही नजरेत न भरणारी गोष्ट कॅमेऱ्याने चमत्कार वाटावी अशी दाखवली होती. भारतातील सुरुवातीच्या माहितीपटांत या छोट्या फितीची गणना व्हायला हवी. तरीही पैसा पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

सरणावरचा रोहिदास

दादरच्या मथुरा भवनात ‘राजा हरिश्चंद्र’ आकाराला आला. स्त्री भूमिकेसाठी बाई मिळेना. अखेर ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, आणि रोहिदासाच्या भूमिकेसाठी फाळके यांनी आपल्याच मुलाला, भालचंद्राला, उभे केले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, कपडे धुणे, अंधारात बसून फितीला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, हे सारे सरस्वतीबाई करीत. श्रेयनामावलीत त्यांचे नाव शोधून सापडायचे नाही.

बाह्य चित्रणासाठी मंडळी कर्जतच्या वाटेवरील वांगणीस गेली. तलवारी-भाले घेतलेली ही माणसे पाहून दरोडेखोर आले, असा गावकऱ्यांचा समज झाला. कॅमेरा उघडून दाखवल्यावर आणि चित्रणाचे प्रात्यक्षिक केल्यावर ते शांत झाले. त्याच मुक्कामात खेळताना भालचंद्र दगडावर आपटला. डोक्यातून रक्त आले, शुद्ध हरपली. उपचार झाले, तरी मूल शुद्धीवर येईना. काम थांबवून मुंबईस परतावे, असे काहींचे मत पडले. कथेत त्या वेळी रोहिदास मृत होता आणि त्याला सरणावर ठेवायचे होते. फाळके यांनी ते दृश्य तशाच अवस्थेतल्या मुलावर चित्रित केले, असा प्रसंग चरित्रांतून येतो.

या प्रसंगाकडे कोणी कलेवरची निष्ठा म्हणून पाहील, कोणी निर्दयता म्हणून. कर्जात बुडालेला, मागे फिरण्याची वाट उरलेली नाही असा बाप तेथे उभा होता. गोध्र्याच्या साथीत त्याने एक मूल गमावले होते. कथेच्या शेवटी शंकर प्रकटतात आणि रोहिदास उठून बसतो. ख्रिस्तपटात जशी मृत कन्या उठते, तसाच. पडद्यावर मूल जिवंत करणे फाळके यांना जमले होते. सुदैवाने भालचंद्रही बरा झाला.

सहा महिने सत्तावीस दिवसांत ३,७०० फूट लांबीचा चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांपुढे आला. याच चित्रपटगृहात वर्षभरापूर्वी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ दाखवला गेला होता. रंगमंचावरच्या नाटकाचे ते चित्रण होते. ‘हरिश्चंद्रा’ची मांडणी मात्र पडद्यासाठीच झालेली होती.

युक्ती उघड करणारा जादूगार

त्यानंतर फाळके नाशिकला स्थायिक झाले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रियांनी प्रथम भूमिका केल्या. १९१४ मध्ये फाळके यांनी आपले चित्रपट लंडनला नेऊन दाखवले. तिकडे राहून काम करण्याची हेपवर्थ यांची भरघोस मोबदल्याची सूचना त्यांनी नाकारली आणि ते मायदेशी परतले. १९१७ च्या ‘लंकादहन’ने उत्पन्नाचे उच्चांक गाठले. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांच्याच होत्या. पडद्यावर रामचंद्र अवतरताच प्रेक्षक पायताणे काढून ठेवीत आणि गल्ल्यातली नाणी बैलगाडीतून न्यावी लागत, असे सांगितले जाते.

भाविकांची अशी रीघ लागलेली असताना याच माणसाने ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा माहितीपट काढला. त्यात फाळके स्वतः दिसतात, कलावंतांकडून काम करवून घेताना, फीत न्याहाळताना. चमत्कार दाखवून पैसा मिळवणारा चमत्काराची कृतीही लोकांपुढे मांडतो, असे उदाहरण विरळाच. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यांना नाचवले. ‘प्रोफेसर केळफा’चे खेळ, तळेगावचा काच कारखाना, नाशिक-त्र्यंबकचे देखावे यांवरही लघुपट केले. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये कृष्णाची भूमिका त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या आरंभी मंदाकिनी निरनिराळे भाव करून दाखवते आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. ही आपल्यासारखीच एक मुलगी आहे, असे आधी सांगून मग तिला देव करण्याचे धाडस फाळके यांनी केले. प्रेक्षकांनी तरीही हात जोडले. भक्तीला युक्तीची भीती बाळगण्याचे कारण नसते, याचा याहून उत्तम पुरावा कोणता?

मावळतीचा काळ

१ जानेवारी १९१८ रोजी ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ गाजला, पैसा आला, पण भांडवलदार भागीदारांशी फाळके यांचे जमले नाही. कंपनी सोडून ते सहकुटुंब काशीस गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते कंपनीत परतले, मात्र पूर्वीचा जोम परतला नाही. प्रेक्षकांची रुची पालटत होती. १९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला. मूकपट म्हणून तयार झालेल्या ‘सेतुबंधन’ला नंतर ध्वनीची जोड द्यावी लागली. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. तो त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपटही. १९ वर्षांच्या ऐन उमेदीच्या काळात ९५ च्या आसपास चित्रपट आणि पंचवीसहून अधिक लघुपट करणारा हा माणूस पुढे नाशकात विपन्नावस्थेत आणि विस्मरणात राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपटनिर्मितीसाठी सरकारी परवाना लागत असे. सत्तरी ओलांडलेल्या फाळके यांनी त्यासाठीही अर्ज केला. तो नामंजूर झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

केंद्र सरकारने १९६९ मध्ये त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान देविका राणी यांना मिळाला. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने २००९ मध्ये त्यांची जिद्द नव्या पिढीपुढे आणली. त्यांच्या चित्रपटांचा मोठा भाग मात्र नष्ट झाला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळे, ‘कालियामर्दन’चा बराचसा भाग आणि थोडे तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जपणुकीमुळे आज पाहता येतात.

ख्रिस्तचरित्राचा पडद्यावरचा प्रवासही थांबला नाही. १९७८ मध्ये तेलुगूत ‘करुणामयुडु’ आला. १९७९ चा ‘जीझस’ हा चित्रपट तर जगातल्या शेकडो भाषांत, मराठीतही, पोहोचला. गावोगावी पडदा बांधून दाखवल्या जाणाऱ्या अशा चित्रपटांसमोर बसलेल्या माणसांत कोण श्रद्धेने आलेला असतो, कोण कुतूहलाने. गिरगावच्या त्या चित्रपटगृहात फाळके दोन्ही घेऊन बसले होते. तेथून बाहेर पडताना त्यांनी धर्म बदलला नाही, परक्या देवाविषयी दुरावाही धरला नाही. एका परंपरेने आपल्या देवाची कथा इतक्या प्रेमाने सांगितली की दुसऱ्या परंपरेतल्या माणसाला आपल्या देवाची कथा सांगावीशी वाटली. धर्माधर्मांत स्पर्धेची भाषा सहज बोलली जाते, तेव्हा भारतीय चित्रपटाची सुरुवात अशा देवघेवीतून झाली, हे आठवणीत ठेवण्याजोगे आहे.